पिंपातली निगडी

आई, तुझ्या निगडीच्या फांदीवरून घरात भांडण झालं. आता ते मिटलंय, पण मी ते ज्या तऱ्हेने मिटवलं ते मला आतून खातंय, आणि घरात कुणाला सांगण्यासारखं नाही. म्हणून तुला लिहितेय. तू गेलीस तेव्हा मी आठवीत होते. त्यामुळे तुला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. हे घर तू पाहिलेलं नाहीस, दादाची बायको पाहिलेली नाहीस, आणि मी पोटासाठी लोकांच्या पिंपांत डोकावत फिरते हे ऐकून तू आधी हसशील, मग काळजीत पडशील.

आपण आता दिव्यात राहतो. तुझ्यानंतर टिटवाळ्यात बाबांचं मन लागेना. वागळे इस्टेटमधला त्यांचा डब्यांचा कारखानाही इथून जवळ पडायचा, म्हणून त्यांनी इथे दोन खोल्या घेतल्या. इमारत इतक्या घाईने उभी केलीय की जिन्याची एक पायरी दुसरीसारखी नाही. पाणी दिवसाआड येतं, कधी तेही नाही, आणि येईल तेव्हा अख्खा मजला धावतो. म्हणून प्रत्येक दारासमोर निळी पिंपं उभी असतात. आमच्या दारातल्या दोन पिंपांपैकी एक तुझं आहे, तुझं तांदळाचं. मामाने शेती सोडली, मुरबाडहून तांदूळ यायचा बंद झाला, पिंप रिकामं पडलं, आणि दिव्यात आल्यावर बाबांनी त्यात पाणी भरलं. बाहेरून तू खडूने काढलेलं स्वस्तिक पुसून गेलंय, पण कडेला तुझ्या हातून पडलेली चीर अजून आहे. बाबांनी ती डांबराने बुजवलीय.

टिटवाळ्याचं घर मला आठवतं ते वासाने. मागच्या नाल्याच्या कडेने निगडी माजलेली असायची. कुणी लावली नव्हती, कुणी पाणी घालत नव्हतं. हाताच्या पाच बोटांसारखी पानं, वरून हिरवी, खालून राखाडी, आणि तुरे जांभळट. तू फांद्या तोडून आणायचीस, ओटीवर सावलीत पसरायचीस, उन्हात नाही, उन्हात तिचा जीव जातो म्हणायचीस. मग मामाचा तांदूळ आला की मला पिंपाशी बसवायचीस. मी अजून तिथे बसलेली आहे. तू सुपाने तांदळाचा एक थर ओततेस, मी त्यावर पाला पसरते, तू पुन्हा थर ओततेस. तांदळाची धूळ नाकात जाते, पाल्याचा तो उग्र कडसर वास घशापर्यंत उतरतो, आणि तू म्हणतेस, दाट घाल, पण दाबू नकोस, किड्याला वास जायला वाट पाहिजे. पुढे मी प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा वर्गात कुणी विचारलं, हाच विषय का, तर मी काहीतरी मोठं उत्तर दिलं. खरं उत्तर ते पिंप होतं.

शाळेतलीही एक गोष्ट आठवते. तू आमच्या शाळेत खिचडी शिजवायचीस, आणि शाळेच्या तांदळाच्या पोत्यांमध्येही निगडी घालायचीस, कुणी सांगितलेलं नसताना. एकदा वरचे साहेब तपासणीला येणार म्हणून पोती उघडली तर एकात किडे. मोठे गुरुजी तुला बाजूला घेऊन म्हणाले की पोती अशीच आली होती असं सांगा, बाकी मी बघतो. मी पाण्याच्या टाकीमागे उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं. साहेबांनी विचारल्यावर तू पदराला हात पुसलेस आणि म्हणालीस, पाला जुना झालेला साहेब, माझ्या ध्यानात नाही राहिलं. साहेब तुला काही बोलले नाहीत. गुरुजी मात्र बरेच दिवस तुझ्याशी तुटक बोलत होते. त्या संध्याकाळी तू पोतंभर तांदूळ ओट्यावर पसरून निवडलास आणि मधेच स्वतःशी हसून म्हणालीस, किड्याला पण पोट आहे बिचाऱ्याला.

आणि तुझा तो एकच मार. खरं तर मार नव्हता, दंडाला धरून हलवलं होतंस. मी शेजारच्या पोरांना सांगितलं होतं की निगडीखाली मी फणा काढलेला नाग पाहिला. पाहिला नव्हता. पोरं नाल्याकडे खेळायला जायची बंद झाली, म्हातारी शेजारीण लांबच्या वाटेने जायला लागली, आणि मला आपण फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटत होतं. तुला कळलं. तू मला दंडाला धरून त्या झुडपापाशी नेलंस आणि म्हणालीस, "पाहिलं नाहीस ते पाहिलं म्हणायचं नाही. लोक तुझ्या शब्दावर पाय टाकतात." मग मला घरोघरी नेऊन खरं सांगायला लावलंस. पुढे कॉलेजात सरांनी पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगितलं की जे दिसतं तेच लिहा, पुस्तकात आहे म्हणून लिहू नका. सगळ्या वर्गाला ते नवीन होतं. मला ते नाल्याकाठचं ऐकलेलं होतं.

तर आता काम. मी पदवीधर झाले, आई. घराण्यातली पहिली. बाबांनी पदवीचा फोटो तुझ्या फोटोशेजारी लावलाय आणि दोघींना एकच हार घालतात. मी त्यांना सांगून थकले की जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. नोकरी कंत्राटी आहे. दारोदार जायचं, टॉर्च मारून पिंपं, कुंड्या, गच्चीवरचे टायर बघायचे, डासांच्या अळ्या दिसल्या तर पाणी ओतायला लावायचं, औषध टाकायचं, आणि समजावून सांगायचं की डेंग्यूचा डास गटारात नाही, तुमच्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासून ठेवा, असं आम्ही सांगतो. पहिल्याच आठवड्यात एका बाईने मला दारातून आत घेतलं, नळ सोडून दाखवला, नुसती हवा आली, आणि म्हणाली, मॅडम, आमच्याकडे रोजच कोरडा दिवस असतो, तुम्ही ओल्या दिवसाचं बघा ना काहीतरी. मजल्यावरच्या सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मला ते काम आवडतं. मला वाटायचं की खरं काय ते नीट, शांतपणे सांगितलं की माणूस ऐकतो. आज नाही ऐकलं तर चौथ्या खेपेला ऐकतो.

बाबा आता निवृत्त आहेत. दर मंगळवारी टिटवाळ्याला गणपतीला जातात आणि येताना आपल्या जुन्या घरामागून निगडीच्या फांद्या आणतात. तिथे आता इमारतींसाठी पत्रे ठोकलेत. नाल्याकडेची चार-पाच झुडपं तेवढी उरलीयत, बाबा पत्र्याच्या फटीतून हात घालून तोडतात. एक फांदी दारावर लावतात, एक देवापाशी, आणि एक तुझ्या पिंपात. पिंपात पाणी आहे, तांदूळ नाही, पण त्यांच्या हाताला पिंप ओळखीचं आहे. निगडी घातली म्हणजे पिंप राखलं, मग त्यावर झाकण कशाला? घरात त्याबद्दल कधी कुणी काही बोललं नव्हतं, कारण ते पिंपाचं नव्हतं, तुझं होतं.

श्रावणात समोरच्या इमारतीत डेंग्यूचा पेशंट निघाला. वहिनीला तेव्हा सातवा लागला होता. तू तिला पाहायला हवं होतंस, ती पोट धरून हसते आणि मग पोट दुखलं म्हणून पुन्हा हसते. मी आमचा जिना दुसऱ्या सहकारी मुलीला न देता मुद्दाम स्वतः घेतला. खालपासून सुरुवात केली, तिसऱ्या मजल्यावर आले, आणि आमच्याच दारात तुझ्या पिंपात टॉर्च मारला. फांदी पाण्यात अर्धी बुडालेली होती. तिच्या पाच बोटांच्या पानांमधून अळ्या खालीवर करत होत्या, पानांच्या सावलीत जरा जास्तच. वहिनी मागे येऊन उभी राहिली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "ताई, ह्यांना पण दिव्यातच जागा स्वस्त पडली वाटतं." मला हसू आलं नाही. ती त्या पिंपाला टेकून उभी होती.

मी पिंप ओतलं. दोन दिवसांचं पाणी जिन्याने वाहत गेलं. बाबा आले तेव्हा मी आतून पिंप घासत होते आणि फांदी कचऱ्याच्या पिशवीत होती. त्यांनी वाकून पिशवीतून फांदी काढली, झटकली आणि देवापाशी नेऊन ठेवली. पाणी आल्यावर पिंप भरलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यात नवी फांदी. मी काढली. मंगळवारी पुन्हा आली. मी त्यांना अळ्या कपात घालून दाखवल्या, खरंच दाखवल्या. मी म्हटलं, निगडीच्या वासाने दाण्यातले किडे लांब राहत असतील, मी नाही म्हणत नाही, पण पाण्यातल्या अळीला तिचं काही होत नाही, हे बघा ना, तुमच्या डोळ्यांनी बघा. त्यांनी बघितलंच नाही. कपाकडे पाठ करून ते म्हणाले, "बाय, तू शिकलीस, चांगलं झालं. पण निगडी असली की किडा फिरकत नाही, हे तुझी आई जन्मभर सांगत आली. ती खोटं सांगायची का?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्या प्रश्नाचं नव्हतं. मी रोज दहा अनोळखी घरांत जे बोलते ते मला माझ्या घरात बोलता येईना. दादा म्हणाला, सोड ना, रोज गुपचूप काढत जा, त्यांना कळणार पण नाही. पण मी दिवसभर बाहेर, दादा कारखान्यात, आणि वहिनी सारा वेळ त्या पिंपापाशी. आणि गुपचूप काढणं मला पटेना. मला वाटत होतं की हे समजून व्हायला पाहिजे.

मग वहिनीला ताप आला. अंग फणफणलं, डोळ्यांमागे दुखतंय म्हणाली. ही लक्षणं मीच पत्रकावरून लोकांना वाचून दाखवते. गरोदरपणात डेंग्यू झाला तर काय काय होऊ शकतं तेही मला माहीत होतं, आणि त्यातलं मी घरात एक अक्षर बोलले नाही. रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट येईपर्यंत बाबा दारात खुर्ची टाकून बसून होते, जेवले नाहीत. दादा त्यांच्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, आता त्यांना कळलं असेल. खरं सांगते, क्षणभर असंही वाटलं की डेंग्यू निघाला तर त्यांना कळेल, आणि त्या वाटण्याची मला भीती वाटली.

रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. साधा ताप होता, तिसऱ्या दिवशी उतरला. वहिनीने उठून चहा मागितला. बाबा उठले, देवाला हात जोडले, तुझ्या फोटोला हात जोडले आणि म्हणाले, राखलं गं निगडीने. आणि जाऊन पिंपात ताजी फांदी टाकून आले, ह्या वेळी दोन.

मी त्यांच्या मागे गेले. मला आठवतंय, मी रागाने गेले होते. म्हणायचं होतं की बाबा, नशिबाने वाचली, निगडीने नाही. पण ते पिंपाच्या कडेवरून हात फिरवत होते, तुझी ती चीर आहे तिथे, आणि त्यांचं तोंड इतकं निर्धास्त होतं, तू गेल्यापासून मी तसं पाहिलं नव्हतं. त्या तोंडाकडे बघून मी म्हटलं, "बाबा, निगडी तांदळाला. पाण्यावर आई फडकं बांधायची. टिटवाळ्याला हंड्यावर बांधायची, नाही का? तुम्ही विसरलात."

का म्हटलं ते मला माहीत नाही. जिभेवर आधी तयार नव्हतं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो. पोपटी पातळाचं."

रंग मी सांगितला नव्हता, आई.

ते आत गेले आणि तुझी पेटी उघडली. तू गेल्यावर त्यांनी तुझी सगळी पातळं वाटून टाकली होती, ते एक सोडून. पोपटी, किरमिजी काठाचं. मला वाटत होतं ते माझ्यासाठी ठेवलंय. त्यांनी वहिनीकडून कात्री घेतली, दारात बसले आणि पातळ मधून कापलं. कापड जुनं झालेलं, कात्रीला धार नव्हती, ते थांबत थांबत कापत होते. मी थांबा म्हणू शकले असते. म्हटलं नाही. त्यांनी दोन्ही पिंपांवर दुहेरी फडकं घातलं, सुतळीने घट्ट आवळलं आणि गाठ ओढून बघितली. वहिनी म्हणाली, बाबा, आता पिंपाला पण डोहाळजेवण करा, एवढं नटवलंय तर. ते हसले. फांद्या त्यांनी काढून दारावर लावल्या, वर, जिथे कुणाचं काही बिघडत नाही.

त्याला महिना होऊन गेला. आमच्या पिंपात आता एक अळी नाही. बाबा दर रविवारी फडकं सोडून धुतात, पिंप घासतात, आणि जिन्यात कुणी विचारलं की सांगतात, आमच्या हिची पद्धत आहे ही. शेजारच्या दोन घरांनीही फडकी बांधलीत. वहिनीचे दिवस भरत आलेत. सगळं चांगलं चाललंय. आणि मी रोज रात्री पडल्या पडल्या टिटवाळ्याच्या घरात शिरते आणि मोरीकडे बघते. हंडा दिसतो. तांब्या दिसतो, त्याचा पोचा दिसतो. हंड्यावर कधी ताटली दिसते, कधी काहीच दिसत नाही. आणि गेल्या काही दिवसांपासून कधीकधी पोपटी फडकं दिसायला लागलंय, सुतळीसकट, आणि ते मी कुठून आणलं ते मला चांगलं माहीत आहे.

बाबांना खरंच आठवलं असेल का? की त्यांनी माझ्यावर दया केली, मला हरू दिलं नाही? की मी जे बोलले ते त्यांच्या डोक्यात जाऊन बसलं, आणि आता त्यांना जी तू आठवतेस तिच्या हातात मी एक फडकं दिलंय? त्यांना विचारता येत नाही. विचारलं तर फडकं सुटेल. तू असतीस तर तू एका वाक्यात सांगितलं असतंस, हो किंवा नाही, पदराला हात पुसून. पण तुलाच विचारावं तर हा कागद पाठवायचा कुठे? बाबांच्या हाती लागू नये म्हणून आधी फाडावासा वाटला, आता प्राणिशास्त्राच्या जुन्या पुस्तकात ठेवणार आहे. कसर लागू नये म्हणून तू माझ्या शाळेच्या पुस्तकांसाठी शिवून दिलेली पाल्याची पुरचुंडी मी पुढे त्यात ठेवली, ती अजून आहे. वास कधीच गेला.

एवढ्यावर थांबणार होते. पण लिहायला घेतलंच आहे तर हेही. काल एका चाळीत एक आजी काही केल्या पिंप झाकायला तयार होईना. मी पत्रक काढलं नाही, अळ्या दाखवल्या नाहीत. तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, आजी, आमची आई पाण्यावर फडकं बांधायची, पोपटी पातळाचं. आजी उठली आणि फडकं शोधायला लागली. त्यानंतरच्या घरातही मी तेच सांगितलं, आणि त्याच्या पुढच्याही. सगळ्यांनी ऐकलं.